भुऱ्या माझ्याकडे का येत नाही

दानम्माबाई गेल्याची बातमी घरी आली, त्या सकाळी अमृतराव माझ्यातली वाळू हलवत होते. रात्रभर दवाखान्यात बायकोपाशी बसून ते अंघोळीपुरते घरी आले होते. लेक मंजुश्री आईजवळ थांबली होती. फोन वाजला. "हाव," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "हाव," म्हणाले. फोन खाली ठेवायचे त्यांना सुचले नाही. ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. भुऱ्या बोका त्यांच्या पायाला अंग घासत आला, माझ्यात उतरला, नेहमीसारखी वाळू उकरून बसला आणि उरकून निघून गेला. त्या दिवशी त्याला काहीही झालेले नव्हते. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे सगळे म्हणाले की त्याचे बिघडले ते त्याच दिवसापासून.

मी एक जुने लोखंडी घमेले आहे. अमृतराव लातूरला डाळ मिलमध्ये मुकादम होते. त्यांनी या घराचे बांधकाम काढले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून मला आणले. मी वाळू वाहिली, खडी वाहिली, सिमेंटचा माल वाहिला. स्लॅबच्या दिवशी मी हातोहात वर जात होतो आणि रिकामा खाली येत होतो. "घमेलं दणकट हाय," असे मिस्त्री म्हणाला होता. घर उभे राहिले आणि मला गच्चीवर पालथे टाकले गेले. माझी कडा गंजली. मी तिथेच संपणार असे मला वाटत होते.

मग एक दिवस अमृतरावांनी मिलच्या गोदामातून मांजराचे पिल्लू सदऱ्यात घालून आणले.

"अवो, पोसायची हौस तुमची आन् घाण काढायची मी," दानम्माबाई म्हणाल्या. "गोदामातले उंदरं संपले म्हणून इकडं आणलाव का?"

"लई बारीक हाय गं. पोत्याखाली चेंगरून मेलं असतं."

"मग तुमच्याच उशाशी मुतू द्या त्याला."

असे म्हणाल्या खऱ्या, पण संध्याकाळी त्यांनीच मला गच्चीवरून खाली आणले. घासून धुतले. चाळलेली वाळू घातली आणि बैठकीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली ठेवले. पिल्लाला उचलून माझ्यात बसवले, त्याचा पुढचा पाय हातात धरून वाळू कशी उकरायची ते दाखवले. तेव्हापासून भुऱ्याने दुसरीकडे कुठे घाण केली नाही.

रोज सकाळी त्या जुने उलथने घेऊन येत. वाळूतले ओले गोळे काढत आणि टाकण्याआधी निरखून बघत. "काय साहेब, झाली का कचेरी?" असे भुऱ्याला विचारत. गोळा लहान दिसला तर म्हणत, "आज पाणी कमी पिलाव की." मग त्याच्या ताकभाकरीत आणखी पाणी ओतत. नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचे नाही, तेव्हासुद्धा भुऱ्याची वाटी रिकामी नसे. मला या कामाची लाज वाटली नाही. मी घर उभे करायला आलो होतो. आता त्या घरातल्या एका जिवाची सोय माझ्याकडे होती.

दानम्माबाई लिंगैक्य झाल्या. त्यांच्या लिंगायत समाजात सुतक पाळत नाहीत. पण पूजेला स्वामी घरी येणार, त्यांचे पाय धुवायचे, तर घर स्वच्छ हवे. मंजुश्रीने सगळे घर फिनेलने धुतले. मलाही रिकामे करून फिनेलने घासले आणि पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून गच्चीवर नेऊन ठेवले. तिने वाईट काहीच केले नाही. आई गेलेली लेक दिसेल ते धुवत होती.

पुढचे मी वर असताना घडले. शेजारच्या बसम्मा अक्का नंतर ते येईल त्याला सांगत, म्हणून मला कळले. स्वामींसाठी पाटावर पांढरी चादर घातली होती. स्वामी दारात आले आणि त्यांच्या देखत भुऱ्या त्या चादरीवर जाऊन बसला आणि मुतला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मंजुश्री रडायला लागली.

"अगं, रडती कशाला?" स्वामी म्हणाले. "माझ्याआधी त्याचा मान झाला म्हणायचं. दुसरी चादर घाला."

सगळे हसले. अमृतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याला लई दुःख झालंय. ती दिसंना म्हणून करायलाय."

तो समज तिथेच पक्का झाला. भुऱ्याला त्याची जागा सापडली नव्हती, एवढेच झाले होते. पण ते सांगणार कोण?

पाहुणे गेल्यावर मला पुन्हा जिन्याखाली ठेवले. भुऱ्या आला, हुंगला, पाय झटकून निघून गेला. माझ्या अंगाला फिनेलचा वास येत होता. तो वास जाईपर्यंत भुऱ्या दाराच्या मागे, पायपुसण्यावर, दानम्माबाईंच्या खाटेवर जात राहिला. मंजुश्री मुदखेडला सासरी परतली. जाताना तिने बाजारातून मांजराच्या कोरड्या खाण्याची मोठी पिशवी आणून ठेवली. अप्पांना स्वयंपाक येत नाही, बोक्याचे तरी हाल नकोत, हा तिचा विचार. अमृतराव ते खाणे न चुकता घालत. पाण्याची वाटी मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे. ते स्वतःसुद्धा कुठे वेळेवर पाणी पीत होते?

बसम्मा अक्का एकदा नाकाला पदर लावूनच आत आल्या.

"अण्णा, वास गल्लीपर्यंत येतोय. बोका हाय, वयात आला की असाच खुणा करत फिरतो. पोत्यात घाला आन् मार्केट यार्डात सोडून या. तिथं उंदरं बी हायती आन् सोबतीला मांजरी बी."

"न्हाई अक्का. तुम्हाला न्हाई कळायचं. तिला हुडकायलाय ते."

"मी दानम्माची मैत्रीण होते. मी न्हाई हुडकत व्हय तिला? म्हणून मी काय खाटेवर मुतले का?"

अमृतरावांना हसू फुटले. बऱ्याच दिवसांनी ते हसलेले मी पाहिले. पण भुऱ्याला त्यांनी सोडले नाही. उलट दानम्माबाईंचे एक जुने लुगडे काढून खाटेवर अंथरले, त्याला वास मिळावा म्हणून. भुऱ्या त्यावर मुतला की ते त्याला रागवत नसत. लुगडे धुऊन पुन्हा तिथेच अंथरत.

मित्रांनो, माझा फिनेलचा वास एकदाचा गेला आणि भुऱ्या माझ्याकडे परत आला. मला केवढे बरे वाटले! पण तो माझ्यात बसला आणि उठेचना. खूप वेळाने दोन थेंब पडले. तो उठला, फिरला, पुन्हा बसला. पुन्हा एक थेंब. पुढे पुढे तो बसल्यावर रडायला लागला. मांजर भांडताना ओरडते तसे ते ओरडणे नव्हते. मग एक दिवस माझ्या वाळूत लालसर डाग पडला. रोज निरखून बघणारी बाई आता नव्हती. अमृतराव उलथन्याने वरवर वाळू सारखी करत आणि डाग खाली जाई.

भुऱ्या रडू लागला की ते येऊन माझ्याजवळ पायरीवर बसत. "रड बाबा," म्हणत. "मला रडू येत न्हाई. तू तरी रड." त्याच्या पाठीवरून हात फिरवत आणि मग त्यांचेही डोळे भरून येत. दोघे तसेच बसून राहत. मी लोखंडाचा आहे. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते की हे रडणे त्या रडण्यातले नाही.

मंजुश्री आली तेव्हा दुपार होती. भुऱ्या माझ्यात आडवा पडला होता. बसायचेही बळ राहिले नव्हते. तिने त्याच्या पोटाला हात लावला तसा तो तिला चावला.

"अप्पा, ह्याचं पोट दगडासारखं झालंय. कधीपासून होईना ह्याला?"

"होतंय की. सगळीकडं करून ठेवतंय."

"थेंब थेंब म्हणजे होणं न्हाई अप्पा. ह्याला मुतायलाच येईना. चला, उचला."

अमृतराव उठले नाहीत. "दवाखान्यात नको. त्याला तुझ्या आईची सय येती, दुसरं काय न्हाई."

"आजारी हाय ते!"

त्यांनी भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नुसतं आजारी असंल, तर मग ह्या घरात तिच्यासाठी रडणारा मी एकलाच म्हणायचा."

मंजुश्रीने कमरेला पदर खोचला होता, तो सोडून तिने डोळे पुसले. "आन् मी कोण हाय अप्पा?" एवढेच ती म्हणाली. तिने भुऱ्याला त्या लुगड्यात गुंडाळले आणि रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवली. अमृतराव अनवाणीच तिच्या मागे धावले.

ते अंधार पडल्यावर परत आले. लघवीच्या वाटेत बारीक खडे अडकले होते. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून वाट मोकळी केली. आणखी उशीर झाला असता तर बोका हाती लागला नसता, असे त्या म्हणाल्या. मंजुश्रीने हे बसम्मा अक्कांना दारात उभे राहून सांगितले. अक्कांनी अमृतरावांकडे पाहिले आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

आता भुऱ्याला औषध चालू आहे. कोरडे खाणे बंद झाले आहे. अमृतराव स्वतः भाकरी थापायला शिकले. ती जाड होते आणि कडेला करपते, पण ताकात भिजली की भुऱ्या खातो. पाण्याच्या वाट्या घरात जागोजागी दिसतात. हे सगळे ते मनापासून करतात.

पण भुऱ्या माझ्याकडे येत नाही. जिन्यापर्यंत येतो, मला पाहतो, कान पाडतो आणि भिंतीच्या कडेने निघून जातो. मग खाटेखाली करतो. डॉक्टरीणबाईंनी हेसुद्धा सांगितले होते. ज्या भांड्यात बसून त्याला दुखले, त्या भांड्यानेच आपल्याला दुखवले असे मांजराला वाटते. म्हणून दुसऱ्या घडणीचे, पसरट भांडे आणा, ते दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, जुने काढून टाका. तो जागा सोडून करत राहिला तर त्याला होते आहे की नाही हे कुणाला दिसणार नाही, आणि पुन्हा अडले तर ते वेळेत कळणार नाही.

मंजुश्री रोज फोन करून विचारते, "अप्पा, भांडं आणलाव का?"

"आणतो की," ते म्हणतात. मग माझ्याजवळ येतात. मला दोन्ही हातांनी उचलतात, थोडा वेळ धरून उभे राहतात आणि होतो तिथेच ठेवतात. दानम्माबाईंनी ठेवलेली घरातली प्रत्येक वस्तू अजून जागच्या जागी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मला जिन्याखालून काढा. गच्चीवर टाका, भंगारात द्या, मला वाईट वाटणार नाही. गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू जपताना, त्याच हातांनी जपलेला जीव घरात आहे याकडे आधी बघा. तो जागा सोडून मुतला तर त्याला मारू नका, सोडून येऊ नका, आणि त्याच्या मनातले आपल्याला कळले असेही धरून चालू नका. त्याला कुठे दुखते आहे ते आधी बघा.

आज सकाळीही खाटेखाली ओले होते. अमृतरावांनी ते पुसले. किती होते ते त्यांना कळले नाही.

दुसरे भांडे अजून आणलेले नाही.