एकसष्ट सेकंदांची फेरी

हॉटेलात नाश्त्याला बसल्या बसल्या टिलीने पेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. गेट्सहेडला त्या दुपारी मोसमातली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, आणि पेपरात आपल्याकडच्या कुणाकडून काय आशा धरावी याचं अर्धं पान होतं. उंच उडीत बरं, अडथळ्यांत बरं, भालाफेकीत यंदाही बोंब. मग आली बायकांची पंधराशे मीटर.

"'ब्रिटनची सगळ्यात मोठी आशा म्हणजे हॅलिफॅक्सची एकवीस वर्षांची टिली लम्ब,'" तिने वाचलं आणि लाल झाली. "अय्या, हे काय लिहिलंय! 'आज ती जागतिक स्पर्धेची वेळ गाठेल, याबद्दल जाणकारांना शंका नाही.' कोण गं हे जाणकार?"

"मी," समोर बसलेला क्लिफ टोस्टला लोणी लावत म्हणाला. "मीच सांगितलं त्या बातमीदाराला फोनवर."

क्लिफ सग्डन आमचा कोच. वय सत्तर. बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, आणि तोंडातून कौतुकाचा शब्द निघेल तर शपथ. माझ्याबद्दल त्याने कधी कुठल्या पेपरवाल्याला फोन केल्याचं मला आठवत नाही.

"हेदर, तुझंही नाव आहे बघ! शेवटच्या ओळीत. 'पहिले हजार मीटर वेग राखण्याचं काम पस्तीस वर्षांची हेदर ॲक्रॉइड करेल.'"

मी तेहतीस वर्षांची होते. एवढ्या मोठ्या पानात माझ्या वाट्याला एक ओळ, तीही चुकीची. मी म्हटलं, "छान," आणि बीन्सचा चमचा तोंडात घातला.

आमच्यात अशा धावणारीला ससा म्हणतात. आयोजकच तिला बोलावतात. तिने सगळ्यांच्या पुढे ठरल्या वेगाने पळायचं, वारा अंगावर घ्यायचा, आणि हजार मीटर झाले की गुपचूप बाजूला व्हायचं. मग उरलेल्या जणी पदकं, वेळा, फोटो काय ते वाटून घेतात. सशाला टाळ्याही धड मिळत नाहीत, कारण तोपर्यंत लोक मागचीला बघत असतात.

त्या उन्हाळ्यात जागतिक स्पर्धा होती. आपल्या तीन जागांपैकी एक पक्की झाली होती, दोन रिकाम्या होत्या. चार मिनिटं दोन सेकंदांच्या आत जी येईल, तिचं नाव जाणार. मी नऊ वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत गेले होते. तिथे प्राथमिक शर्यतीत एका बयेच्या मागे पहिल्या फेरीत उधळले आणि शेवटच्या फेरीत पाय लाकडाचे झाले. शेवटून दुसरी. तेव्हापासून पुन्हा एकदा तिथे उभं राहायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी सकाळी दाताच्या दवाखान्यात फोन उचलायचे आणि दुपारी धावायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. गेल्या वर्षी माझी सगळ्यात चांगली वेळ होती चार-सात, म्हणजे चार मिनिटं सात सेकंद. चार-सातवालीला कोणी शर्यतीत जागा देत नाही. ससा व्हायला मात्र देतात.

आणि टिली? ती दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या क्लबात आली. पायात भावाचे जुने बूट, तोंडात च्युइंगम. क्लिफने तिला माझ्या हवाली केलं. हॅलिफॅक्सच्या दगडी चढावर पावसात मीच तिला वर-खाली पळवलं. मीच शिकवलं, की पुढे कोणीही असो, पहिली फेरी आपल्या श्वासावर धावायची; एक वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे. माझी इतक्या वर्षांची जळजळ मी तिला फुकटात देऊन टाकली. वर्षभरात ती माझ्या बरोबरीला आली, मग पुढे गेली.

तेही सोसलं असतं. पण क्लिफची एक सवय आहे. शर्यतीच्या वेळी तो सुरुवातीच्या रेषेजवळ कठड्याला टेकून उभा राहतो आणि आपल्या एका धावपटूचं जाकीट हातावर घेतो. एकाचंच. बाकीच्यांची जाकिटं प्लॅस्टिकच्या टोपलीत जातात. अकरा वर्षं त्या हातावर माझं जाकीट होतं. गेल्या मोसमात एका शर्यतीला मी सवयीने जाकीट पुढे केलं, तर तिथे टिलीचं आधीच होतं. क्लिफ म्हणाला, "टोपली आहे ना तिकडे."

त्या दिवसापासून ती पोरगी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. तिचं हसणं खुपायचं, तिचं खाणं खुपायचं. सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की तिला यातलं काहीच कळत नव्हतं.

दुपारी सरावाच्या मैदानावर ती माझ्यापुढे गवतात येऊन बसली. शर्यतीआधी तिची वेणी मीच घालायची, असा तिचा हट्ट असे. तसं केलं की म्हणे नशीब लागतं.

"आई गं! हळू! केस उपटतेस की काय?"

"वारा आहे. सुटेल नाहीतर."

"हेदर, मी आज घड्याळाकडे बघणारच नाहीये. फक्त तुझ्या पाठीकडे बघणार. तू पुढे असलीस ना, की मला कशाचीच भीती वाटत नाही."

मी वेणीला आणखी एक पीळ दिला.

क्लिफ वही घेऊन आला. "पासष्ट, हेदर. पहिली फेरी पासष्ट, दुसरी पासष्ट. हजारला बाजूला हो. सोपं आहे."

"आणि नाही झाले बाजूला तर?" मी हसत विचारलं. "सशाला शेवटपर्यंत धावायची मुभा असते. वेळही धरतात."

"मुभा आहे की." क्लिफही हसला. "पण त्यासाठी चार-पाच वर्षं मागे जावं लागेल, पोरी. आज मला गडबड नकोय. तिचा दिवस आहे."

तिचा दिवस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जाकीट टोपलीत टाकताना माझं ठरून गेलं होतं. पासष्ट नाही, एकसष्टने जायचं. ती घड्याळाकडे बघणार नाही, माझ्या पाठीकडे बघणार. येईल माझ्या मागे. आणि दोन फेऱ्यांनंतर तिचेही पाय लाकडाचे होतील, नऊ वर्षांपूर्वी माझे झाले होते तसेच. मग जाणकारांना करू देत फोन.

मी हे लपवत नाही. त्या क्षणी मला त्या पोरीचं वाटोळं व्हायला हवं होतं.

पिस्तूल वाजलं आणि मी सुटले. समोरचा वारा तोंडावर थपडा मारत होता, पण मला तो जाणवलाच नाही. पहिलं वळण, मुख्य स्टँड, दुसरं वळण, आणि पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर क्लिफ. त्याने घड्याळ दाबलं आणि ओरडला, "एकसष्ट! अगं ए, काय करतेस?"

मला आनंद झाला. मी कान मागे लावले. आता तिचे श्वास ऐकू येतील, पायांचे आवाज येतील. काहीच येईना. वळणावर हळूच मान वळवली, तर मागे कोणी नव्हतं. पंचवीस मीटरवर सगळा घोळका होता, आणि त्याच्या पुढे टिली, शांत, जणू दूध आणायला निघाली आहे. ती माझ्या मागे आलीच नव्हती.

मला इतकी लाज आणि इतका राग एकदम आला, की दोन्ही वेगळे करता येईनात. सगळ्या स्टेडियमसमोर मी एकटीच वेड्यासारखी पळत होते. लोकांत हसण्याची एक लाट आली, तीही मी ऐकली. दुसरी फेरी सहासष्टमध्ये झाली. हजार मीटरचा खांब आला, आणि तिथे उभा असलेला अधिकारी मला हाताने बाहेरची दिशा दाखवायला लागला.

मी त्याच्याकडे बघितलं आणि तशीच पुढे गेले.

का, ते तेव्हाच स्पष्ट होतं. तिचं वाटोळं झालं नव्हतं ना, मग निदान तिला माझ्या पुढे जाऊ द्यायचं नाही. बारा मीटरचं अंतर होतं अजून. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा लोक उठून उभे राहिले. मघाशी हसत होते तेच आता ओरडत होते, "चल हेदर! चल पोरी!" किती वर्षांनी माझं नाव एवढ्या तोंडांतून ऐकलं. छाती फाटायची वेळ आली होती, तरी मला वाटलं, हे संपूच नये.

शेवटचे तीनशे मीटर उरले तेव्हा ती सहा मीटर मागे होती. आता मात्र पाय ऐकू येत होते. शेवटच्या वळणावर माझ्या मांड्यांत शिसं भरायला लागलं. मी दात-ओठ खाऊन हात हलवत राहिले. रेषा चाळीस मीटरवर असताना ती माझ्या खांद्याशी आली, आणि पुढे गेली. तिची वेणी ताठ होती, एक केस सुटला नव्हता.

टिली लम्ब, चार मिनिटं एक पूर्णांक सात सेकंद. हेदर ॲक्रॉइड, चार मिनिटं दोन पूर्णांक सहा सेकंद.

मी ट्रॅकवर आडवी पडले होते आणि ती माझ्या अंगावर पडून रडत होती. "तू बाजूला झाली नाहीस माझ्यासाठी! तू शेवटपर्यंत राहिलीस! हजारनंतर एकटी असते तर मी मेले असते गं. तू दिसत होतीस म्हणून जमलं."

मायक्रोफोन घेऊन एक माणूस आला. टिलीने माझ्या गळ्यात हात टाकून साऱ्या देशाला सांगितलं, की अशी मोठ्या मनाची मैत्रीण कोणाला मिळत नाही. माणसाने मायक्रोफोन माझ्यापुढे केला. "हजारला थांबायचं नाही, हे आधीच ठरलं होतं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हटलं. "आमचं ठरलंच होतं."

मग ती गवतात बसली, वेणी सोडायला. इतकी घट्ट घातली होती, की माझ्या बोटांना सुटेना. ती बडबडत होती. "पहिल्या फेरीला मी येतच होते तुझ्यामागे. दोन पावलं टाकलीही. मग बोलून बघितलं, तू चढावर शिकवलंस तसं. 'हेदर पुढे आहे' एवढंसुद्धा धड म्हणता येईना. तेव्हा कळलं, तू माझी परीक्षा घेतेयस. हो ना?"

मी नुसती मान डोलावली. ती उड्या मारत फोटोवाल्यांकडे गेली.

क्लिफ मागे कधी येऊन उभा राहिला मला कळलं नाही. त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. एकसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, आणि शेवटचे तीनशे.

"मी पासष्ट म्हटलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"परीक्षा घेत होतीस म्हणे." तो तिरकस बोलत नव्हता. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. "तिला सांगणार नाही मी. पण तुला सांगतो. मी मघाशी चुकलो. चार-पाच वर्षं मागे जायची तुला गरज नव्हती. एकसष्टनं उधळून, एकटीनं वारा खाऊन, तू सहा दशांशांनी हुकलीस. पासष्टनं गेली असतीस, तर तिच्या बरोबरीनं आत आली असतीस." त्याने वही मिटली. "जागा दोन होत्या, हेदर."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही, म्हणून त्याच्या हाताकडे बघितलं. हातावर टिलीचं निळं जाकीट होतं. त्याच्यावर, नीट घडी घातलेलं, माझं.

"हे कुठून आणलं?"

"टोपलीतून. हजारला तू थांबली नाहीस, तेव्हा जाऊन घेऊन आलो."

मी जाकीट घेतलं आणि घातलं. चेन अर्ध्यावरच अडकली. शेवटी क्लिफनेच ती गळ्यापर्यंत ओढून दिली.