सरांच्या मशीनची किल्ली

पोपट सरांना कॉम्प्युटर येत नव्हता, शिकवायची हौस मात्र दांडगी. १९९९ सालच्या डोंबिवलीत तेवढ्यावर इन्स्टिट्यूट चालायची. बाकीचं निस्तरायला मी होते, चित्रा.

आमच्या वेबसाइटवर पालकांच्या अभिप्रायाचं पान होतं, मीच केलेलं. तिथे एक दिवस निनावी मजकूर आला: लॅब सांभाळणारा नामा परीक्षेचे पेपर विकतो. नामा दोन मुलांचा बाप, रोज कोलशेतहून यायचा. सरांचा भाचा तीन महिने त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. सरांनी लगेच रविवारी पालकांना बोलावलं. सगळ्यांसमोर नामाला काढायचं ठरलेलंच होतं.

"मजकूर अमेरिकेतून आलाय," सर म्हणाले. "इतक्या लांबचा माणूस खोटं कशाला लिहील?"

मला त्यांची कीवसुद्धा आली नाही. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे मधला माणूस. आपली चिठ्ठी तो पोचवतो आणि समोरच्याला त्याचा पत्ता दिसतो. एवढं सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, पान उलटायचा मात्र कंटाळा केला. फुकटातले बरेच प्रॉक्सी चिठ्ठी मुळात कोणी दिली तेही सोबत कळवतात. शिवाय आमची सहाही मशीनं एका फोनलाइनवर, आमच्या स्वतःच्या प्रॉक्सीतून चालायची. तोही मशीनचा नंबर जोडायचा. तो मीच बसवला होता, हे सर विसरले.

रविवारी मी वेबसाइटच्या नोंदींचा प्रिंटआउट पालकांपुढे ठेवला. "अमेरिकेच्या पत्त्यामागे आपल्याच कनेक्शनचा पत्ता आहे. त्याच्यामागे मशीन नंबर एक. सरांच्या केबिनमधलं."

"अगं, तिथे कोणीही बसलं असेल," सर हसत म्हणाले. "केबिन उघडीच असते."

नामा तोवर खाली मान घालून होता. "सर, तुमचं मशीन किल्लीशिवाय चालू होत नाय," तो म्हणाला. "मला पुसायला पण कधी दिली नाय तुम्ही."

सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पुढच्या रांगेतल्या शांताबाईंनी, एका विद्यार्थिनीच्या आईने, अगदी साधेपणाने विचारलं, "मग दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"दुसरी ठेवतच नाही मी," सर तोऱ्यात बोलून गेले.

सर खिशातला हात बाहेर काढायचं विसरले होते. नामा उठला आणि अकराच्या बॅचसाठी लॅब उघडायला गेला.