छतातला पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. निदान सगळे मला तसंच म्हणतात. कुणी फार आदर दाखवला तर 'छतातला पत्रा' म्हणतात. माझ्या पाठीवर तांब्याची नळी नागमोडी बसवलेली आहे हे खालून दिसत नाही, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही.

त्या नळीतून पाणी फिरतं. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट. मी गार झालो की खालची खोली गार होते आणि मी ऊबदार झालो की खोलीही ऊब धरते. वारा नाही, आवाज नाही. शांत माणसाच्या पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही असं म्हणतात ना, माझ्या पोटात मात्र दिवसभर पाणी हलत असतं आणि तरीही मी शांत असतो.

मला घडवलं एका कारखान्यात. यंत्राने माझ्या अंगाला हजारो बारीक छिद्रं पाडली आणि पाठीवर मऊ कापडाचा थर चिकटवला, म्हणजे खोलीतला गोंगाट मी थोडा पोटात घालावा. तपासणीच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. नळीत जोराने पाणी भरून त्या प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवायच्या. कागद जराही ओला झाला तर माल परत. माझ्या सांध्यांवरून त्यांनी दोनदा कागद फिरवला आणि म्हणाल्या, "हा टिकेल." तेवढ्या दोन शब्दांवर मी पंधरा वर्षं काढली.

एका मिस्त्रींनी मला या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर टांगलं. खाली चपलांचं दुकान, शेजारी छपाईचं ऑफिस आणि आमच्याकडे कान तपासायचं केंद्र. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. आतल्या खोलीत पेशंट हेडफोन लावून बसतो आणि बारीकशी 'टीं' ऐकू आली की हातातलं बटण दाबतो. ताई काचेपलीकडे यंत्रापाशी बसतात. मिस्त्रींनी जाताना भिंतीवर सूचना चिकटवली होती, 'पत्रे चालू असताना खिडकी उघडू नये.'

मित्रांनो, त्या खोलीला मी फार जीव लावला. सुनेचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून रुसलेले सासरे माझ्याखाली बसले, आईच्या मांडीवरची तान्ही पोरंही बसली. त्यांचं ऐकणं नीट व्हावं म्हणून गप्प राहायचं, हे माझं काम. असं काम मिळायला नशीब लागतं.

पण गप्प राहणाऱ्याकडे लोकांचा कानाडोळा होतो. काउंटरवरच्या मावशींनी मिस्त्रींच्या सूचनेवरच कॅलेंडर लटकवलं, कारण खिळा नेमका तिथेच होता. मावशी मनाने सोन्यासारख्या, पण गारवा म्हणजे वारा अशी त्यांची ठाम समजूत. यंदाच्या दमट उन्हाळ्यात त्या रोज वर बघायच्या आणि म्हणायच्या, "हे मेलं बंदच असतं." मग पेशंटला बरं वाटावं म्हणून खिडकी उघडायच्या.

बाहेरची ओलसर हवा माझ्या गार अंगाला लागली आणि मला घाम फुटला. अगदी खराखुरा. थेंब जमले आणि ताईंच्या कागदांवर टपटप पडू लागले. प्लंबर आला, शिडीवर चढला, तास झाला तरी त्याला गळती सापडेना. शेवटी त्याने हात वर केले. "जुना माल आहे, काढून टाका," म्हणाला. इमारतीच्या नव्या मॅनेजर साहेबांना ते पटलं. माझं पाणी बंद केलं, पुढच्या सुट्टीला सगळे पत्रे उतरवून गार हवा फेकणारा मोठा ब्लोअर बसवायचं ठरलं आणि तोवर कोपऱ्यात एक स्टँडचा पंखा आणून ठेवला.

ब्लोअरचा आवाज ताईंनी शेजारच्या ऑफिसात ऐकला होता. त्या साहेबांना म्हणाल्या, "तो इथे घरघरला तर मी काय तपासणार? मला जागा सोडावी लागेल." साहेब म्हणाले, "होते हळूहळू सवय."

त्याच आठवड्यात एक बसचालक काका आले. त्यांना कानाचा दाखला हवा होता. तो मिळाला नाही तर बस सोडून डेपोत बसायचं. पंखा बंद करून ताई काचेपलीकडे गेल्या. बंद खोलीत काकांचा घाम हेडफोनखाली ओघळू लागला. मावशींना ते बघवेना. ताईंची नजर यंत्रावर असताना त्यांनी हळूच आत येऊन दारामागचा पंखा लावला आणि दार ओढून घेतलं. त्यानंतरची एकही बारीक 'टीं' काकांना ऐकू आली नाही. बटणावर अंगठा ठेवून ते नुसते वाट बघत राहिले. मी वर कोरडा, रिकामा. त्या दिवशी मला स्वतःची खरंच लाज वाटली.

ताई आत आल्या आणि दारातच थबकल्या. "पंखा कुणी लावला?"

"मी लावला," मावशी म्हणाल्या. "माणूस उकडून निघत होता हो."

ताई रागावल्या नाहीत. काकांना म्हणाल्या, "हा निकाल मी धरत नाही. उद्या सकाळी या." आणि त्यांनी जुन्या मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री सकाळीच आले. केस पांढरे झाले होते, पण वरची पाण्याची चावी त्यांनी न शोधता उघडली. माझ्या नळीत पाणी शिरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिडकी लावली, कॅलेंडर बाजूला केलं आणि सूचना मावशींना दाखवली. मावशींनी ती दोनदा वाचली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळाने साहेब आले. "हवा कुठे येतेय? हे तर बंदच आहे."

"साहेब, शिडीवर चढा आणि हात लावा," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी तळवा माझ्यावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "चालू आहे की."

"चालू तर आहेच," मावशी म्हणाल्या, "पंधरा वर्षं मला पत्ता लागू दिला नाही."

साहेब हसले. पण निर्णय काही बदलला नाही. "आधी काकांची तपासणी होऊ द्या," म्हणाले आणि काचेपलीकडे ताईंच्या मागे उभे राहिले.

काका बसले. मी आयुष्यात इतका मन लावून कधी गप्प बसलो नव्हतो. टीं. बटण दाबलं गेलं. त्याहून बारीक. दाबलं. त्याहूनही बारीक, मलाही जेमतेम जाणवेल अशी. काकांनी डोळे मिटले आणि दाबलं. ताईंनी दाखल्यावर सही केली. साहेब बाहेर गेले आणि जाताना पंखा स्वतः उचलून घेऊन गेले.

मित्रांनो, मला उतरवलं नाही. आता मावशी महिन्यातून एकदा मऊ फडक्याने माझी धूळ पुसतात. मी त्यांचा ऋणी आहे, ताईंचा आहे, मिस्त्रींचा आहे, त्या चष्म्याच्या बाईंचाही आहे. तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या आसपास कुणी आवाज न करता राबत असेल, तर ते बंद पडलंय असं ठरवण्याआधी एकदा हात लावून बघा.

त्या दिवशी दाखला खिशात घालूनही काका लगेच उठले नाहीत. ताईंनी विचारलं, "काका, काही राहिलं का?"

"नाही," काका म्हणाले. "दिवसभर इंजिन, हॉर्न आणि घंटी. जरा बसू का इथे?"

ताईंनी दार हलकेच लावून घेतलं. काका दहा मिनिटं माझ्याखाली बसून राहिले.