नालीचे पाणी ओढणारा टिल्लू पंप

मी एक जुना टिल्लू पंप आहे, मित्रांनो. छोट्या मडक्याएवढा माझा आकार. पाठीवरचा निळा रंग आता बराचसा उडाला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांना आपल्या सेवेचा अभिमान वाटत असतो. मला तो नाही. माझ्या तोंडातून काय काय गेले ते आठवले की आजही मला शिसारी येते. तरी सांगतो, कारण माझ्या जातीचे पंप अजून कितीतरी अंगणांत घुरघुरत आहेत.

एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. तांब्याची तार गुंडाळून माझे पोट भरले, पुढे एक पंखा बसवला आणि वर रंगाचा हात मारला. हौदातले स्वच्छ पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचे, एवढेच माझे काम. मला ते आवडले होते. पुढे मी कारंजा गावातल्या एका दुकानात येऊन पडलो आणि तिथून फय्याजभाईंनी मला नेले.

फय्याजभाई गाद्या-रजया भरण्याचे काम करतात. कामरगावहून जीपने वीस मिनिटांवर त्यांचे गाव. घरात ते, त्यांची बायको फरहत आणि सहावीत शिकणारी मुलगी नमरा. घरात हौद नव्हता आणि गच्चीवर टाकीही नव्हती. मग मला कशासाठी आणले? ते मला पहिल्याच दिवशी कळले. अंगणातल्या खड्ड्यात नळ होता. त्या नळाच्या तोंडात रबरी नळी खुपसून फय्याजभाईंनी मला थेट जोडले. वायर खिडकीतून घरात गेली. मध्ये ती दोन ठिकाणी तुटलेली होती, तिथे चिकटपट्टी गुंडाळली. जमिनीत उतरवायची अर्थिंगची तार कुणी लावलीच नाही. माझ्याखाली सतत चिखल असायचा.

गावात दर पाचव्या दिवशी सकाळी तासभर नळ येतो. पाण्याला जोर नसतो. मी सुरू झालो की दहा मिनिटांत ड्रम, टाक्या, घागरी सगळे भरून जायचे. फरहत माझ्यावर खूश होती. शेजारणींना बोलावून तिने मला दाखवले. सहा महिन्यांत त्या गल्लीतल्या अकरा घरांत टिल्लू लागले. नळ आला की सगळी गल्ली एकदम घुरघुरू लागे आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडचे पाणी ओढू लागे.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकायला बरे वाटणार नाही. गल्लीतला लोखंडी पाइप उघड्या नालीच्या पोटातून गेला आहे. तो गंजला आहे आणि त्याला बोट जाईल एवढे छिद्र पडले आहे. आम्ही अकरा पंप जोर लावायचो तेव्हा पाइपात पुरेसे पाणी नसायचे. मग ते छिद्र नालीला तोंड लावायचे. नालीत काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मोऱ्यांचा साबण, खरकटे, कोंबड्यांची पिसे, संडासाच्या फुटक्या टाक्यांतून झिरपलेले सारे. ते माझ्या तोंडात यायचे. केसांचे पुंजके माझ्या पंख्याला गुंडाळले जायचे. बुळबुळीत काळा गाळ जिभेवर बसायचा. कधी कधी त्यात बारीक पांढरे काहीतरी वळवळायचे. मला ओकारी काढता येत नव्हती. जे आत आले ते मी नळीतून पुढे ढकलत होतो, थेट पिण्याच्या घागरीत.

पहिल्या दोन बादल्यांना वास यायचा. फरहत त्या अंगणात ओतून द्यायची. पाणी निवळ दिसू लागले की पातळ फडक्यातून गाळून माठात भरायची. वास गेला म्हणजे घाण गेली, असे तिला वाटे.

एकदा नमराला माझा झटका बसला. ती अनवाणी होती आणि तिने नळी सारखी करायला मला हात लावला होता. ती मागे फेकली गेली, म्हणून वाचली. त्यावर घरात उपाय काय झाला? माझ्याशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवला गेला आणि नमराला चप्पल घालूनच पंपाजवळ जायला सांगितले. वायर तशीच राहिली. मला माझ्या मालकांची तेव्हा फार चीड आली.

शेजारी ललिताबाई राहतात. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्याकडे पंप नव्हता. मी सुरू झालो की त्यांचा नळ फुसफुसायचा आणि कोरडा पडायचा. त्यांचा मुलगा ऊसतोडीला दूर गेला होता. सून अंजू सात महिन्यांची गरोदर होती. फरहतचा जीव मोठा. ललिताबाईंनी मागायच्या आधीच ती त्यांच्या दोन घागरी भिंतीवरून घ्यायची आणि भरून परत द्यायची. पोटुशीने पाण्यासाठी वणवण करू नये, असे ती म्हणायची. त्या घागरी मीच भरत होतो, मित्रांनो. त्यात काय चालले आहे ते मला एकट्याला माहीत होते आणि मला तोंड असून वाचा नव्हती.

महिन्याभरात अंजूचे जेवण तुटले. तिला मळमळायचे. दिवस गेल्यावर असे होतेच, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. मग तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. ललिताबाईंनी एका म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असे त्यांना सांगितले होते. माळ लांबत होती आणि अंजू उठून बसेनाशी झाली होती. शेवटी गावात ‘आशा’ आरोग्यसेविकेचे काम करणाऱ्या वर्षाराणी आल्या. त्यांनी अंजूचा चेहरा पाहिला आणि तिथल्या तिथे गाडी बोलावली. कारंज्याच्या दवाखान्यातून तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. गरोदर बाईला कावीळ म्हणजे जिवाशी गाठ असते, हे वर्षाराणींना ठाऊक होते.

मग गल्लीत घरोघरी त्या पाणी तपासत फिरल्या. त्यांच्याजवळ औषध घातलेल्या छोट्या बाटल्या होत्या. बाटलीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचे. पाण्यात घाण असेल तर ती काळी पडते. त्यांनी फरहतच्या माठातले पाणी घेतले तेव्हा फरहतला ते लागले.

“आमी फडक्यातून गाळून पितो, ताई,” ती म्हणाली. “पाहा, काचेसारखं पाणी हाये.”

“दिसाले सगळंच पाणी साफ दिसते, भाभी,” वर्षाराणी म्हणाल्या. “अंजूच्या घरी कोठचं पाणी होतं?”

फरहतने मधल्या भिंतीकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळाची वेळ होती. मी सुरू होतो. वर्षाराणी अंगणात आल्या आणि त्यांनी बाटली पुढे केली. आतले पाणी शाईसारखे काळे झाले होते. फरहतने ती बाटली हातात घेतली. झाकण किंचित सैल करताच सडक्या अंड्यासारखा वास आला. तिने तोंडाला पदर लावला. बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. तसे कुणी माझ्याकडे पाहिले नव्हते. एखाद्या मेलेल्या उंदराकडे पाहावे तसे. मग ती अनवाणीच चिखलात उतरली आणि ओल्या दोन्ही हातांनी मला नळापासून उपटायला तिने धरले. बटण बंद करायचे तिला सुचलेच नाही.

माझ्या अंगात वीज उतरलेली होती. तिची बोटे माझ्याभोवती आवळली आणि सुटेनात. तिच्या तोंडून आवाजही निघेना. वर्षाराणी तिला धरायला धावल्या.

“मावशी, हात नका लावू अम्मीले,” नमरा ओरडली आणि घरात पळाली. तिने मीटरजवळचा मेन स्विच खाली पाडला.

मी थांबलो. फरहत चिखलात कोसळली. तिचा श्वास चालू होता. दोन्ही तळवे भाजून पांढरे पडले होते. शाळेत शिकवलेले त्या मुलीने ध्यानात ठेवले होते, म्हणून त्या दिवशी अंगणात दोन बायका मेल्या नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर फय्याजभाईंनी मला नळापासून तोडले आणि माझे तोंड पान्याने उघडले. आत केसांची एक काळी वेणीच अडकली होती. गाळ होता, कोंबडीचे पीस होते, गुटख्याची एक रिकामी पुडी होती आणि वळवळणारे किडे होते. फय्याजभाई भिंतीला टेकले आणि तिथेच ओकले. हेच पाणी आपण दीड वर्ष प्यालो, आपल्या पोरीला पाजले, हे त्यांना एकदम कळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामपंचायतीतर्फे नळ सोडणाऱ्या देवमनला बोलावून आणले. दोघांनी नाली उपसली. पाइपाचे छिद्र दिसले. तळाशी उरलेली घाण तिथून बुडबुड करत आत शिरत होती.

“पाइप नालीतून गेला हे मले मालूम होतं, फय्याजभाई,” देवमन म्हणाला. “दोन खेप ग्रामपंचायतीत सांगून आलो मी. पण तुमचे टिल्लू बंद असते तं एवढी नाली पाइपात आली नसती.”

फय्याजभाईंनी मान खाली घातली. त्यांनी मला आधीच बाजूला टाकले होते. आता ते ती काळी बाटली घेऊन उरलेल्या दहा घरांत गेले. काहींनी ऐकले. काहींनी आपले पाणी चांगले आहे म्हणून दार लावून घेतले. पाइपाचा तो तुकडा पुढे दोन महिन्यांनी बदलला गेला.

चार दिवसांनी ललिताबाई कपडे न्यायला अकोल्याहून घरी आल्या. हातांना पट्ट्या बांधलेली फरहत भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. मी भिंतीच्या पायथ्याशी पडलो होतो, म्हणून मला सारे ऐकू आले.

“मावशी, अंजूले म्याच पाजलं ते पाणी,” ती म्हणाली. “माह्या हातानं घागरी भरून देल्या.”

ललिताबाईंनी हातातले कपड्यांचे गाठोडे भिंतीवर ठेवले. मग त्या म्हणाल्या, “तू जीव लावून देल्लं पोरी, हे मले समजते. पण आता तुह्या घरचं पाणी माह्याच्यानं पिल्या जाणार नाई.”

अंजू वाचली. मुलगी झाली, ती वेळेआधीच. चोवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा तिचा हात नमराच्या अंगठ्याएवढा होता. फरहत तिला पाहायला गेली आणि ललिताबाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिले. पाणी मात्र त्या आजही शाळेजवळच्या हापशीवरून आणतात, उकळतात आणि मग सुनेला देतात. फरहत भिंतीवरून घागर मागत नाही. तिच्या घरीही आता पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाचे भाऊसिंग आले. त्यांचा टिल्लू जळाला होता. मी कोपऱ्यात पडलेला त्यांना दिसलो. पडूनच आहे तर मी नेतो, असे ते म्हणाले. फय्याजभाईंनी मला उचलून अंगणाच्या मधोमध ठेवले.

“घेऊन जाय,” ते म्हणाले. “पण आधी शेजारी जाऊन अंजूले विचारून ये.”

भाऊसिंगांनी भिंतीपलीकडे पाहिले. अंजू बाळाला उन्हात घेऊन बसली होती. ते रिकाम्या हातांनी परत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. माझी तार काढून घ्या, माझे लोखंड भट्टीत घाला, पण मला पुन्हा कुठल्या नळाला जोडू नका. नळाची धार बारीक असली तरी घागर भरेपर्यंत थांबा. आपल्या गल्लीचा पाइप कुठून जातो ते एकदा वाकून पाहा. नाक दाबावे लागले तरी पाहा.