भडगावच्या संगणकाचे खुंटे

मित्रांनो, उंदीर माझ्या अंगावरून बिनदिक्कत फिरतात, तरी मी रागावत नाही. गिरणाकाठ केळी संघाच्या माळ्यावर बारदानाखाली पडलेला जुना युनिक्स संगणक रागावून करणार तरी काय? पण एके काळी भडगावात माझी काय ऐट होती म्हणून सांगू!

एकोणनव्वद साली मी जळगावहून टेम्पोत, गादीवर बसून आलो. संघातल्या लताबाईंनी मला हळदकुंकू लावलं. नेमकं वाऱ्याच्या जाळीवर लावलं, पण मायेनं लावलं. दिल्लीच्या ट्रकमध्ये कोणाची केळी आधी चढणार, ती पाळी मी लावायचो. पूर्वी हे काम व्यवस्थापक तोताराम आबा हातानं करत आणि ‘आबांनी आपल्या माणसाला पुढे घेतलं’ म्हणून रोज बाचाबाची होई. मी आलो आणि ती थांबली. यंत्राला भाऊबंद नसतात ना!

आमच्या संघाच्या दोन रीती होत्या. भावाभावांची केळीसुद्धा एकत्र लिहायची नाहीत, म्हणून लताबाई प्रत्येक बैलगाडीची वेगळी फाइल करत. आणि एकदा लिहिलेलं नाव पुसायचं नाही, माणूस देवाघरी गेला तरी नाही. दोन्ही रीती चांगल्या मनाच्या होत्या. त्यांनीच माझा घात केला.

एका वैशाखात, भर दुपारी, झुंबरबाई केळीची गाडी घेऊन आल्या. वर्षाची सगळी मेहनत त्या गाडीत होती. ट्रक दारात उभा होता. लताबाईंनी नाव टाकलं आणि मी पडद्यावर म्हणालो, ‘जागा शिल्लक नाही.’

लताबाई चक्रावल्या, कारण माहिती साठवायची माझी तबकडी अर्धी रिकामी होती. त्यांनी पुन्हा नाव टाकलं. मी पुन्हा तेच म्हणालो. मला दुसरं बोलायला शिकवलंच नव्हतं.

“लता माय, मनी बठ्ठी केळी उनमा पडेल शे,” झुंबरबाई काकुळतीला आल्या. “आज गयी नही ते काळी पडी जाई व!”

“आबा, आज हातानं पाळी लावा ना,” लताबाई म्हणाल्या.

आबांनी बाहेर पाहिलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. “हातानं लावली तर पुन्हा डोकी फुटतील,” ते म्हणाले आणि त्यांनी जळगावला रतिलालभाईंना फोन लावला. मला इथे बसवणारे तेच. लताबाईंनी फोनवर सगळं सांगितलं, आबाही कान लावून होते.

रतिलालभाई हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. “ताई, गोठा मोठा आहे हो, पण खुंटे संपलेत,” ते म्हणाले. “प्रत्येक फाइलला एक खुंटा लागतो, आयनोड म्हणतात त्याला. फाइल एवढीशी असली तरी खुंटा अख्खा जातो. आणि खुंटे पहिल्याच दिवशी मोजून ठोकलेले असतात, नंतर वाढत नाहीत. जुन्या फाइली पुसून टाका.”

“पुसायच्या नाहीत,” आबा आणि लताबाई एकदमच म्हणाले.

“बरं, मग सगळ्या जुन्या फाइलींची एक गठडी बांधा. नावं आत तशीच राहतील आणि गठडीला एकच खुंटा लागेल. मात्र तो एक आधी मोकळा करावा लागेल. एक फाइल तरी पुसाच.”

फोन ठेवला. एक नाव पुसायचं, पण कोणाचं? लताबाईंनी पडद्यावर एक फाइल उघडली. जीवराम नानांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. शेवटची गाडी घालून नाना गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. लताबाईंनी ती फाइल एकदा वाचली, डोळ्यांना पदर लावला आणि पुसली.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पण नाना ज्या खुंट्याला होते, त्याच खुंट्याला मी गठडी बांधली. साऱ्या तालुक्याची नावं तिथे विसावली. मग लताबाईंनी गठडी उघडून एकेक नाव आहे ना ते पाहिलं आणि बाहेरच्या जुन्या फाइली काढल्या. खुंटेच खुंटे मोकळे झाले!

“चला अक्का, तुमची गाडी,” लताबाई घाईघाईनं म्हणाल्या. “नानांचं मी नंतर लिहीन, मला पाठ आहे.”

झुंबरबाई उठून माझ्याजवळ आल्या. बाहेर त्यांची केळी तापत होती. त्याच पाळीवरून उभा गाव भांडत असे.

“नही माय,” त्या म्हणाल्या. “पहिले जीवराम नानानं नाव लाव. मंग मनं.”

लताबाईंनी ते लिहिताना एकही अक्षर चुकवलं नाही. मीही ते नाव लगेच जागेवर घेतलं. त्यानंतर झुंबरबाईंची पाळी लागली आणि मागच्या रांगेतून कोणी ब्रसुद्धा काढला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. ते वेळोवेळी आवरत जा. ते ‘जागा नाही’ म्हणालं तर लगेच शिव्या घालू नका, काय संपलंय ते आधी बघा. आणि काही पुसायची वेळ आलीच, तर आधी ते नाव एकदा वाचा.