बरणीने माझी मोनिका पळवली

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. कधीकाळी पांढरीशुभ्र होते, आता ताकाच्या रंगाची झाले आहे. मला निळी किनार आहे, चार कोपऱ्यांना चार नाड्या आहेत आणि मनात एक जळफळाट आहे. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी एका बरणीला नावं ठेवायला लागले, तर तुम्ही दचकणार नाही.

माझा जन्म सुप्याजवळच्या एका वस्तीवर झाला. तिथे गोजरबाई नावाची बाई शिलाई मशीनवर मच्छरदाण्या शिवायची आणि आठवडे बाजारात विकायची. तिच्या शेजारी रतनबाईचं घर. रतनबाईची मुलगी मोनिका लहान होती, तेव्हा एका सकाळी ती मानेवर लाल फोड घेऊन उठली. गोजरबाईने मान वळवून बघितली आणि सांगून टाकलं, की झोपेत अंगावर कोळी मुतला. आमच्याकडे असे फोड उठले, की मोठी माणसं हेच म्हणतात. फोड चार दिवसांत गेले, पण कोळी मोनिकाच्या डोक्यात राहिला. पत्र्याखाली कुठे कोळी दिसला, की ती डोळे मिटायलाही तयार नसे. शेवटी रतनबाईने गोजरबाईकडूनच मला विकत घेतलं. दुखणंही तिनेच ओळखलं आणि औषधही तिनेच विकलं. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, कारण ते औषध म्हणजे मी.

काय ते दिवस होते! रतनबाई माझ्या कडा गादीखाली खोचायची आणि आत मोनिका गाढ झोपायची. पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, की हिला एक वेळ जेवण नसलं तरी चालतं, पण मच्छरदाणी पाहिजे. पुढे मोनिका सावेडीला नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा हॉस्टेलवर मीही गेले. खोलीतल्या मुली तिला हसायच्या. मी मात्र त्यांच्याकडे वरून, चार खिळ्यांना ताणून घेऊन, ऐटीत बघत असे. मोनिकाचं माझ्यावाचून अडतं, हे मला ठाऊक होतं, आणि ते असंच कायम राहावं असं मला वाटायचं.

मग तिला ऑस्ट्रेलियात एका वृद्धाश्रमात काम मिळालं. बॅग भरताना तिचे वडील गोरक्ष म्हणाले, ही जुनी चिंधी कशाला, वजन होईल. मोनिकाने दोन ड्रेस काढून ठेवले आणि मला घेतलं. माझा ऊर भरून आला. पण तेवढ्यात रतनबाईने माझ्या पोटावर एक बरणी आणून ठेवली. पारदर्शक प्लास्टिकची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. आत शेंगदाण्याची चटणी. आमचा पहिला प्रवास असा अंगावर अंग टाकून झाला आणि तिची लसूण आजतागायत माझ्या अंगातून गेलेली नाही.

तिकडच्या विमानतळावर बॅग उघडली गेली. तपासणाऱ्या माणसाने मला झटकून बाजूला भिरकावलं. बरणी मात्र दोन्ही हातांनी उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि मोनिकाकडे बघून हसला. तेव्हापासून ती बरणी माझ्या डोक्यात बसली.

मोनिकाला एका लहान गावात डॉरिस नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे भाड्याने खोली मिळाली. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी नव्हती, म्हणून मोनिकाने माझ्या नाड्या पडद्याच्या दांड्याला, कपाटाला आणि कुठे कुठे बांधल्या. मी जरा वाकडीच उभी राहिले, पण राहिले. आणि पहिल्याच आठवड्यात भिंतीवर कोळी आला. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी. डॉरिसबाई म्हणाल्या, हा जाळं विणत नाही, भिंतीवर फिरून झुरळं खातो, असू दे. त्यांच्या दृष्टीने तो घरचाच होता. मोनिका माझ्या आत येऊन बसली, ती बाहेर येईना.

आता खरं सांगू? मला आनंद झाला. ती माझ्या आत बसून जेवायची, आत बसून फोन करायची. मला दुसरं काय हवं होतं? पण कोळी दारावर बसला, की तिला खोलीबाहेर पडता येईना. ती कामावर उशिरा पोचू लागली. तिथल्या आजी-आजोबांना सकाळी उठवून तोंड धुवायला, चहा द्यायला तिच्यावाचून कुणी नसे. वरिष्ठ बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. मग स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं झालं तर काम थांबवावं लागेल आणि तुम्हाला घरी परतावं लागेल. मोनिका माझ्या आत बसून रडली. मला वाटलं, जाऊ दे ते काम, आपण आपल्या वस्तीवर परत जाऊ. तिच्या रडण्यापेक्षा मला माझी जागा मोठी वाटत होती.

दुसऱ्याच सकाळी कोळी पुन्हा दारावर. मोनिकाने आईला व्हिडिओ कॉल लावला. रतनबाई गोठ्यात होती. तिने फोनमधूनच कोळी बघितला आणि जराही घाबरली नाही.

"आपल्या भिंतीवर पाली हायेत, त्यांना तू कधी भ्यालीस का?" रतनबाई म्हणाली. "ही त्या लोकांची पाल समज. हाक मार त्या बाईला."

मोनिकाने हाक मारली. डॉरिसबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्या हातात काय घेऊन? तीच लाल झाकणाची बरणी! चटणी केव्हाच संपली होती आणि बरणी अंग धुऊन ओट्यावर मिरवत बसली होती. बाईंनी बरणी कोळ्यावर अलगद उपडी ठेवली, खालून एक जाड पुठ्ठा सरकवला आणि मोनिकाला खुणेने बोलावलं. मी माझ्या कडा जमतील तेवढ्या गादीखाली रोवून धरल्या. पण काम जाईल या धास्तीने मोनिका उठली. एका हातात बरणी, दुसऱ्या हाताचा पुठ्ठ्याला आधार, आणि ती अंगणातल्या झाडाकडे चालू लागली. मला खिडकीतून सगळं दिसत होतं.

मित्रांनो, तिथेच मी हरले. माझ्या जाळीतून मोनिकाला कोळी कधी नीट दिसलाच नव्हता. दिसायचा तो एक काळा, हलणारा डाग, आणि तो डाग ती मनातच मोठा करायची. बरणीतून तो स्वच्छ दिसला. तो एका कडेला अंग चोरून बसला होता. मोनिका बराच वेळ थांबून बघत राहिली. माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं.

झाडाशी पुठ्ठा काढताना तो सटकला आणि कोळी तिच्या मनगटावरून पळून बुंध्यावर गेला. मोनिका किंचाळली. मला वाटलं, आता ही धावत माझ्याकडे येणार. पण ती तशीच कामावर गेली, आणि वेळेत पोचली. दिवसभर ती मनगट बघत राहिली असणार, कारण संध्याकाळी आईला फोन लावल्यावर तिने पहिल्यांदा मनगटच दाखवलं. त्यावर एकही फोड नव्हता.

रतनबाईने फोन डोळ्यांजवळ नेऊन मनगट नीट बघितलं. मग म्हणाली, "मंग तवा तुझ्या मानंवर काय उठलं हुतं, देव जाणं. गोजरबाई म्हनली कोळी, अन् आमी मानलं. तू उगंच इतकी वर्सं भ्यालीस, बाई."

त्या आठवड्यात भिंतीवर दुसरा कोळी आला. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, अजून जवळ ये, तिला घाबरव. मोनिका घाबरली, पण तिचे हात बरणीकडे गेले. रविवारी तिने माझ्या नाड्या सोडल्या. मला बादलीत बुडवून धुतलं आणि उन्हात वाळत घातलं. मला वाटलं, पुन्हा पलंगावर बांधणार. तिने मला परसात नेलं आणि नुकत्याच पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर पसरलं, पाखरांनी कोंब टिपू नयेत म्हणून.

आता मी तिथे असते. अंगावर दव पडतं, ऊन पडतं. बरणी ओट्यावर आहे, ऐटीत. आणि माझं नशीब बघा, माझ्याच निळ्या किनारीला धरून एका बारक्या कोळ्याने जाळं विणलं आहे. मोनिका रोज कामावर जायच्या आधी वाफ्यापाशी येते. मेथीला पाणी घालते, वाकून त्या कोळ्याकडे बघते, जाळं तुटणार नाही असं बेताने मला उचलते. परवा तिने फोनवर आईला तो कोळी दाखवला. रतनबाईने विचारलं, की मच्छरदाणी कुठं ठेवलीस?

"हीच तर आहे, आई," मोनिका म्हणाली. "आता मेथी सांभाळते."

"तिनं तुला सांभाळलंय," रतनबाई म्हणाली. "फाटू देऊ नको."

मित्रांनो, तुम्हालाही लहानपणी कुणी ना कुणी सांभाळलं असेल. एखादी गोधडी, एखादा दिवा, उशाशी ठेवलेली एखादी वस्तू. भीती गेली, की त्यांना कोपऱ्यात कोंबू नका. एकदा स्वच्छ धुवा, फाटलं असेल तिथे दोन टाके घाला, काहीतरी काम द्या. आमच्यासाठी घाबरत मात्र राहू नका. हे बोलायला मला किती जड जातं, ते माझं मलाच ठाऊक. आणि कधी मोनिका भेटली, तर तिला माझा एकच निरोप द्या. सकाळी वाफ्यापाशी आलीस, की आधी माझ्याकडे बघत जा, त्या कोळ्याकडे नंतर.