आईच्या चरबीचा आकडा

गंधालीचा पहिला संशय देवव्रतवर होता. बोरिवलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या जिमचा हा ट्रेनर दिसेल त्याला प्रोटीनची पावडर सुचवायचा. तिच्या आईचा आकडा वाढला की त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच काळजी दिसायची.

आकडा होता अंगातल्या चरबीचा. मशीनवर अनवाणी उभं राहायचं, तळपायांतून बारीकसा करंट जायचा आणि टक्केवारी छापलेला कागद बाहेर यायचा. फेब्रुवारीत आईच्या, म्हणजे क्षमाताईंच्या, कागदावर छत्तीस होते. मार्चमध्ये अडतीस, एप्रिलमध्ये एकोणचाळीस. वजन मात्र दीड किलोने उतरलेलं. डॉक्टरांनी शुगर काठावर असल्याचं सांगितल्यापासून त्या या कागदालाच रिपोर्ट मानत. एप्रिलनंतर त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं, आणि मागच्या आठवड्यात ओट्यापाशी चक्कर येऊन त्या मटकन खाली बसल्या.

गंधालीने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं. ती सरळ जिममध्ये गेली आणि लागोपाठ पाच वेळा मशीनवर चढली. पाचही वेळा तिचा आकडा जवळपास तोच, म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. आईचं वय, उंची बरोबर भरली होती. देवव्रतने काहीच लपवलं नाही. उलट पावडरचा डबाही दाखवला. तरी तिचा संशय गेला नाही, फक्त त्याच्यावरून उठून तारखांवर जाऊन बसला.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिने कागद जुळवले. फेब्रुवारीत मोजलं तो रविवार साधा होता. मार्च आणि एप्रिलच्या दोन्ही तारखांना संकष्टी.

"संकष्टीलाच का मोजतेस गं?"

"वझिऱ्याच्या गणपतीहून येताना वाटेत पडतं. आणि पोट रिकामं असतं ना. शुगर नाही का उपाशीपोटी बघत? तसा हाही खरा आकडा."

"आणि पाणी?"

"चंद्रोदयापर्यंत घेत नाही मी. या घरातच राहतेस ना तू?"

करंट पाण्यातून सहज जातो, चरबीतून अडतो. अंगातलं पाणी कमी झालं की तो जास्त अडतो, आणि मशीनला ती चरबीच वाटते. गंधालीने हे समजावलं, पण आईने ऐकल्यासारखं केलं आणि कोथिंबीर निवडत राहिली.

दोन दिवसांनी पुन्हा संकष्टी होती. संध्याकाळचा कागद म्हणाला साडेएकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गंधालीने आईला चहा, पाणी, नाश्ता असं सगळं घ्यायला लावलं आणि तासाभराने त्याच मशीनवर नेऊन उभं केलं. सदतीस.

क्षमाताईंनी कागद दोनदा वाचला. मग देवव्रतकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"याला आधी काय सांगून ठेवलंस?"

"काही नाही."

"मग तू बाहेर थांब."

काचेच्या दारापलीकडून गंधालीला दिसत होतं. आईने देवव्रतलाही लांब उभं केलं, पदराने तळपाय पुसले आणि स्वतः बटण दाबलं. क्षमाताई बाहेर आल्या तेव्हा हातात तिसरा कागद होता. सदतीसच.

"म्हणजे हा खरा?"

'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. ते गंधालीच्या जिभेवर आलंही.

"हाही खात्रीचा नाही," ती म्हणाली. "याच्यातही तीन-चार टक्के इकडचे तिकडे असू शकतात. आणि रात्री न जेवून तुझे स्नायू झिजले असतील, तर त्यानेही चरबीचा टक्का वाढलेला असेल. किती, ते मला नाही सांगता येणार."

"मग एवढी शिकलीस कशाला?" आई म्हणाली आणि चालू लागली.

रात्री गंधालीने विचारायच्या आत क्षमाताईंनी स्वतःचं ताट घेतलं. एक पोळी, भाजी, आमटी. दुसरी पोळी वाढायला गंधालीने हात पुढे केला, तशी त्यांनी ताटावर तळवा धरला.

"एकच. दुसरीचं डॉक्टरांना विचारीन. तुला नाही."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि लेकीकडे न बघता जेवू लागल्या.